यंत्राच्या दोन भाषा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता, नाहीतर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती काही चुकीची नाही. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. या वेळी मालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कळवले, 'संगणकाच्या एका भाषेतला हिशेब दुसऱ्या भाषेत कसा न्यावा.' त्यांना वाटले, फोनवर काहीतरी भलतेच ऐकू आले. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'बरे, पण लोकांना समजेल असे बोला.' ती अट मला मान्य आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला. पुढचे जे काही झाले ते लेथवर उभ्याने आणि नगर वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा लोकांना समजणार नाही असे बोलण्याची माझी ऐपतच नाही. हा विषय मला का शिकावा लागला ती हकीकत शेवटी सांगेन. ती आधी सांगितली तर कळायची नाही.

कारखान्यात जॉब हातात येतो तेव्हा त्याबरोबर दोन कागद येतात. एक ड्रॉइंग आणि दुसरा प्रोसेस शीट. वस्तू काय आहे ते ड्रॉइंगवर असते: व्यास इतका, लांबी इतकी, अमुक टोकाला आटे. प्रोसेस शीटवर काय करायचे ते असते: आधी फेसिंग, मग टर्निंग, मग ड्रिल, सर्वांत शेवटी आटे. ड्रॉइंगमध्ये 'आधी' आणि 'मग' हे शब्द शोधून सापडायचे नाहीत. प्रोसेस शीटमधून तेच दोन शब्द काढले तर कागद कोरा राहील. सी. एन. सी. यंत्राला आम्ही जो प्रोग्राम देत असू तोही सगळा दुसऱ्या कागदाच्या जातीचा. एम-शून्य-तीन म्हणजे स्पिंडल फिरव, जी-शून्य-एक म्हणजे सरळ रेषेत कापत जा, एम-तीस म्हणजे संपले. हुकमामागून हुकूम.

संगणकाच्या भाषांतही अशाच दोन जाती आहेत. फोरट्रान, कोबोल, सी या हुकमाच्या भाषा. त्यांना प्रोसिजरल म्हणतात. लिस्प, एम. एल., हॅस्केल या दुसऱ्या जातीच्या. त्यांना फंक्शनल म्हणतात, मी त्यांना सूत्राच्या भाषा म्हणतो. हुकमाच्या भाषेत डबे असतात. डब्यात आकडा ठेवा, काढा, त्यावर दुसरा टाका. सूत्राच्या शुद्ध भाषेत डबेच नाहीत. तिथे नाव म्हणजे नाव. एकदा 'क्ष म्हणजे पाच' म्हटले की त्या हिशेबात क्ष मरेपर्यंत पाच. माझी ड्रॉइंगची उपमा पुरती बसत नाही हे मला ठाऊक आहे, कारण ड्रॉइंग आपले आपण काही करीत नाही आणि सूत्र चालवता येते. पण उपमेने जितके ओझे वाहावे तितके ती वाहते.

आता एक उदाहरण घेऊ, शाळेतलेच. मसावि आपण सर्वांनी काढलेला आहे. युक्लिडची रीत सूत्राच्या भाषेत अशी लिहिता येते: दोन संख्यांपैकी दुसरी शून्य असेल तर मसावि म्हणजे पहिली संख्या. नसेल तर मसावि म्हणजे दुसरी संख्या आणि पहिलीला दुसरीने भागून उरलेली बाकी, या दोघींचा मसावि. ४८ आणि १८ घ्या. ते झाले १८ आणि १२, मग १२ आणि ६, मग ६ आणि शून्य. उत्तर ६.

हे आता हुकमाच्या भाषेत न्यायचे. दोन डबे घेतले, अ आणि ब. नवशिका माणूस सूत्र डावीकडून उजवीकडे वाचतो आणि लिहितो: ब मधला आकडा अ मध्ये टाक. मग अ ला ब ने भागून बाकी ब मध्ये टाक. ब शून्य होईपर्यंत हेच कर. दिसायला अगदी सूत्रासारखेच. पण ४८ आणि १८ घालून पाहा. पहिल्या हुकमानंतर अ मध्ये १८ आणि ब मध्येही १८. बाकी शून्य. उत्तर १८. आणि १८ ने ४८ ला भाग जात नाही! सूत्रातल्या दोन्ही नव्या किमती जुन्या किमतींवरून एकाच वेळी ठरत होत्या. हुकमाच्या भाषेत 'एकाच वेळी' असे काही नसते, तिथे एक आधी होतो आणि दुसरा मग. पहिल्या हुकमाने जुना ४८ पुसून टाकला, दुसऱ्या हुकमाला तो हवा होता. उपाय साधा आहे. बाकी आधी काढून तिसऱ्या डब्यात ठेवावी. पण हे सुचायला आधी चूक दिसावी लागते, आणि गंमत अशी की कोणी परीक्षेला ३६ आणि १८ घेतले तर हाच चुकीचा प्रोग्राम बरोबर १८ असे उत्तर देतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

असे भाषांतर नेहमी करता येते का? करता येते, आणि याची सिद्धता संगणक जन्मण्यापूर्वीची आहे. प्रिन्स्टनचे अलोन्झो चर्च यांनी १९३६ साली नुसत्या सूत्रांवर चालणाऱ्या आपल्या पद्धतीने 'हिशेब' या शब्दाची व्याख्या केली. तिला लॅम्डा कॅल्क्युलस म्हणतात. त्याच वर्षी इंग्लंडात अॅलन ट्युरिंग यांनी फितीवर खुणा करणारे आणि पुसणारे एक काल्पनिक यंत्र मांडून तीच व्याख्या वेगळ्या मार्गाने केली. ते यंत्र हुकमाचे. एका पद्धतीने जे जे काढता येते ते सारे दुसरीनेही काढता येते हे ट्युरिंगनी दाखवले, १९३७ साली त्यावर निबंध लिहिला, आणि १९३८ साली त्याच चर्च यांच्याकडे डॉक्टरेट पुरी केली. म्हणजे या दोन भाषांचे भांडण पहिल्याच वर्षी बरोबरीत सुटलेले आहे. वाद उरतो तो सोयीचा, वेगाचा आणि चुका कुठे दडतात याचा.

प्रत्यक्ष यंत्रावरचे असे पहिले मोठे भाषांतर मला फार आवडते, कारण ते एका कामकरी माणसाने केले. एम. आय. टी. मध्ये जॉन मॅकार्थी १९५८ पासून लिस्प भाषा रचीत होते. लिस्पचे कुठलेही वाक्य चालवून उत्तर कसे काढावे याचे सूत्र त्यांनी खुद्द लिस्पमध्येच लिहिले. त्यांच्या लेखी ते कागदावरचे तत्त्व होते. त्यांच्या हाताखाली स्टीव्ह रसेल नावाचे प्रोग्रामर होते. ते म्हणाले, हे सूत्र मी यंत्रावर बसवतो. मॅकार्थींनी समजावले की बाबा रे, हे वाचण्यासाठी आहे, यंत्रावर चालवण्यासाठी नाही. रसेलनी ऐकले नाही. आय. बी. एम. ७०४ या व्हॅक्यूम ट्यूबच्या यंत्राच्या हुकमांत त्यांनी ते सूत्र हाताने उतरवले आणि लिस्प चालू लागली. मॅकार्थींनी ही हकीकत पुढे स्वतःच मोकळ्या मनाने सांगितली आहे. साहेबाने 'होणार नाही' म्हटलेले काम फिटरने करून दाखवावे, आणि साहेबानेही ते कबूल करावे, असे आमच्याकडे क्वचित पाहायला मिळते.

तिकडे आय. बी. एम. मध्ये जॉन बॅकस यांच्या तुकडीने १९५७ साली फोरट्रान बाहेर आणली होती. हुकमाच्या भाषांचा सगळा संसार तिथून वाढला. पण याच बॅकसना १९७७ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानात हुकमाच्या शैलीवरच कडक टीका केली आणि सूत्राच्या शैलीची बाजू घेतली. आपल्याच हाताने उभारलेल्या वास्तूबद्दल सत्काराच्या दिवशी असे बोलायला धैर्य लागते.

आता भाषांतराच्या अडचणींकडे वळू. मसावीची अडचण पाहिली. दुसरी अडचण परतण्याची. समजा पगाराच्या यादीची बेरीज हवी. सूत्र असे: यादीची बेरीज म्हणजे पहिला आकडा अधिक उरलेल्या यादीची बेरीज, आणि रिकाम्या यादीची बेरीज शून्य. सुंदर आहे. पण हे जसेच्या तसे हुकमात उतरवले तर यंत्राला पहिला आकडा कागदावर टिपून ठेवावा लागतो, कारण उरलेली बेरीज आल्यावर तो मिळवायचा आहे. मग दुसरा आकडा त्या कागदावर, तिसरा त्याच्यावर. यादी शंभरांची असली तर चळत शंभर कागदांची. यादी कित्येक लाखांची असली तर चळतीसाठी राखलेली जागा भरते आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून सूत्रच थोडे बदलतात: आतापर्यंतची बेरीज बरोबर घेऊन पुढे जायचे. मग यादी संपली की उत्तर हातातच असते. मागे परतून करायचे काही उरत नाही, आणि परतायचेच नसेल तर टिपण कशाला ठेवायचे? सरळ उडी मारावी. गाय स्टील यांनी १९७७ साली हेच ठासून सांगितले, की शेवटचे काम म्हणून केलेली हाक म्हणजे सामान बरोबर घेऊन मारलेली उडी होय. त्यांनी आणि जेराल्ड ससमन यांनी १९७५ मध्ये केलेल्या स्कीम भाषेत ही सवलत हक्काची आहे. सी भाषेच्या नियमांत तशी हमी नाही, म्हणून स्कीममधून सी मध्ये येणाऱ्याने ती हाक स्वतःच फेऱ्यात बदलून घ्यावी. हेन्री बेकर यांनी याहून इरसाल युक्ती काढली. सी मधल्या हाका परतूच द्यायच्या नाहीत, चळत भरू द्यायची, आणि भरली की त्यातले जिवंत सामान उचलून दुसरीकडे नेऊन सगळी चळत एकदम झाडून टाकायची. बॉस्टनच्या भुयारी रेल्वेत बसून कधीच न परतलेल्या माणसाचे एक गाणे तिकडे आहे, त्यावरून त्यांनी निबंधाला नाव दिले.

तिसरी अडचण शिदोरीची. सूत्राच्या भाषेत एक सूत्र दुसऱ्या सूत्राला वस्तूसारखे हाती देता येते. 'या महिन्याच्या दराने पगार काढ' हे सूत्र इथे तयार केले आणि दुसऱ्या खात्याला पाठवले, तर 'या महिन्याचा दर' किती हे त्याच्याबरोबर गेले पाहिजे. सी मध्ये तुम्ही हुकमाचा पत्ता पाठवू शकता, पण पत्त्याबरोबर दर जात नाही. म्हणून हुकूम आणि त्याला लागणाऱ्या किमती यांचे एक गाठोडे बांधून पाठवावे लागते. इंग्लंडचे पीटर लँडिन यांनी १९६४ साली या गाठोड्याला क्लोजर असे नाव दिले. गाठोडी बांधली की ती कधीतरी टाकूनही द्यावी लागतात. सी मध्ये ते काम भाषांतर करणाऱ्याच्या गळ्यात पडते.

उलट दिशेचे काम ऐकायला अवघड वाटते, पण त्याची किल्ली मॅकार्थींनी साठीच्या दशकाच्या आरंभीच दिली होती. प्रोग्रामच्या आकृतीत उडी मारून जिथे जिथे येता येते अशा प्रत्येक जागेचे एक सूत्र करा, आणि जे डबे बदलतात ते त्या सूत्राला द्यायच्या किमती करा. डब्यातला आकडा बदलला असे म्हणायचेच नाही, नव्या किमतीने सूत्राला पुन्हा हाक मारली असे म्हणायचे. बाहेरच्या जगाशी व्यवहार असला, म्हणजे आधी खात्यातून पैसे काढ आणि मग पावती छाप असले काम असले, तर तेवढ्याने भागत नाही. क्रम टिकवण्यासाठी हॅस्केलवाल्यांनी मोनाड नावाची योजना स्वीकारली. खो-खोत खो दिल्याशिवाय पुढचा उठत नाही, तसला तो प्रकार.

आणि एक गोष्ट आपल्या नकळत रोज घडते आहे. जी. सी. सी. हा सी भाषेचा प्रसिद्ध कंपायलर २००५ च्या चौथ्या आवृत्तीपासून आपला हुकमाचा प्रोग्राम आत घेतल्यावर असे रूप देतो की ज्यात प्रत्येक नावाला एकदाच किंमत मिळते. एकाच डब्यात तीनदा आकडा टाकला असेल तर तो क्ष-एक, क्ष-दोन, क्ष-तीन अशी तीन नावे करतो. अँड्र्यू अॅपल यांनी १९९८ साली लिहिले की हे रूप म्हणजे सूत्राचीच भाषा आहे. म्हणजे आपण हुकूम लिहितो, कंपायलर त्याची मनातल्या मनात सूत्रे करतो, त्यावर विचार करतो, आणि पुन्हा यंत्राचे हुकूम करून देतो. डबे घेऊन नीट विचार करता येत नाही हे यंत्रालाही पटलेले दिसते.

आता ती हकीकत. २००९ साली आमची संघटना ज्या एका कारखान्यात होती, तिथले पगार टाइम ऑफिसातला एक जुना कारकून एक्सेलच्या तक्त्यात काढीत असे. आता तक्ता म्हणजे सूत्राचीच भाषा, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. चौकटीत सूत्र असते, एका चौकटीचे सूत्र दुसरीतला आकडा पुसत नाही, आणि कुठली चौकट आधी काढायची याची फिकीर लिहिणाऱ्याने करायची नसते. पुढे २०२० मध्ये एक्सेलने चर्चसाहेबांच्या चिन्हाच्या नावाने लॅम्डा हे साधनसुद्धा जाहीर केले. तर त्या कारकुनाच्या तक्त्यात रजेच्या दोन चौकटी होत्या, मागील शिल्लक आणि अखेरची शिल्लक. घेतलेली रजा मागील शिल्लकेपेक्षा जास्त असेल तर तेवढेच जादा दिवस बिनपगारी, आणि मागील शिल्लकेतून पगारी रजा वजा करून अखेरची शिल्लक.

कारकून निवृत्त झाला. व्यवस्थापनाने तक्त्याचा प्रोग्राम करून घेतला, हुकमाच्या भाषेत. दोन महिन्यांनी माणसे पगारचिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे येऊ लागली. एकाचा एक दिवस कापलेला, दुसऱ्याचे दोन. बायको दवाखान्यात म्हणून तीन दिवस रजा, खात्यात पाच दिवस शिल्लक, तरी एक दिवस बिनपगारी. साहेब म्हणाले, पगार संगणक काढतो, संगणक चुकत नाही. माणसे म्हणू लागली की संघटनेच्या लोकांनाच निवडून कापले आहे. मलाही तसेच वाटले. सांगायला लाज वाटते, पण द्वारसभेत मी तसे बोललोही.

त्या रात्री मी कार्यालयाच्या फरशीवर चाळीस चिठ्ठ्या मांडल्या. एकीकडे कापलेल्या, दुसरीकडे न कापलेल्या. खाते पाहिले, पाळी पाहिली, मुकादम पाहिला, वर्गणीची पावती पाहिली. कापलेल्यांत वर्गणी न भरणारेही निघाले. माझा आरोप तिथेच पडला. पहाटेच्या सुमारास एक गोष्ट दिसली. ज्यांनी त्या महिन्यात आपल्या शिल्लकेच्या निम्म्याहून जास्त रजा घेतली होती, फक्त त्यांचेच दिवस कापले होते. बारा शिल्लक असताना तीन घेणाऱ्याला धक्का नव्हता. पाच असताना तीन घेणाऱ्याचा एक दिवस गेला होता. दोन शिल्लक असताना तीन घेणाऱ्याचा एक दिवस जायला हवा होता, त्याचे तीनही गेले होते.

चर्चेच्या वेळी मी हट्ट धरला की प्रोग्राम लिहिणाऱ्याला बोलवा. आला तो कंत्राटावरचा पंचविशीचा मुलगा. तीन आठवड्यांची मुदत, आणि त्याला सांगितलेले काय, तर फक्त भाषा बदलायची आहे. त्याने दोन ओळी दाखवल्या. पहिली, शिल्लकेतून घेतलेली रजा वजा कर, शून्याखाली जाऊ देऊ नकोस. दुसरी, घेतलेली रजा शिल्लकेपेक्षा जास्त असेल तर जादा दिवस बिनपगारी धर. तक्त्यातल्या दोन चौकटींचा त्याने एकच डबा केला होता. पाचातून तीन गेले, डब्यात दोन राहिले, आणि तीन हे दोनापेक्षा एकाने जास्त. मी बोट ठेवण्याआधी त्यालाच ते दिसले आणि त्याचा चेहरा उतरला. तपासणी कशी केली होती असे मी विचारले. भरपूर रजा शिल्लक असलेल्या माणसांच्या नोंदी घेऊन, म्हणाला. सगळ्या बरोबर आल्या होत्या. ३६ आणि १८!

दोन ओळी खालीवर केल्या आणि प्रोग्राम सुधारला. थकबाकी पुढच्या पगारात मिळाली. मी दुसरी द्वारसभा घेऊन सांगितले की माझा मागचा आरोप खोटा होता. काहींना ते आवडले नाही. एक जुने सहकारी म्हणाले, लढा तापला होता, कशाला पाणी ओतलेस? त्यांच्याशी माझे अजून जमत नाही. व्यवस्थापनाने मात्र सगळे खापर त्या मुलावर फोडले आणि त्याचे कंत्राट पुढे चालवले नाही. तो आमचा सभासद नव्हता, कामगार या व्याख्येतही बसत नाही असे मला ऐकवण्यात आले. मी एक पत्र लिहिले. त्या पत्राला उत्तर आले नाही, आणि मीही दुसरे लिहिले नाही.

जाण्याआधी तो कार्यालयात आला होता. मी विचारले, हे असे पुन्हा होऊ नये म्हणून मला शिकायचे असेल तर कुठून सुरुवात करू? त्याने माझ्याच मेजावरची एक वही ओढली आणि तासभर बसून लिहून दिले. मसावीचे उदाहरण त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. वही मी आज आणली आहे. सभा संपल्यावर कोणाला पाहायची असेल तर इथे टेबलावर ठेवतो.